नेलपॉलिश लावलेल्या चिंबोऱ्या

प्राणिशास्त्राला जगात दोनच प्रकारची माणसं जातात: मेडिकलला नंबर न लागलेली, आणि माझी पार्टनर. पहिल्या प्रकारात मी, आमचा अख्खा वर्ग आणि, हे पुढे हळूहळू कळत गेलं, आमचे बरेचसे शिक्षकही होते. अंधेरीच्या आमच्या कॉलेजात पहिल्या दिवशी ओळख करून देताना प्रत्येक जण आधी प्रवेश परीक्षेचे मार्क सांगत होता, मग ते किती थोडक्यात हुकले ते सांगत होता, आणि नाव सगळ्यात शेवटी. दवाखान्याबाहेर बसलेले पेशंट एकमेकांना दुखणी सांगतात ना, तोच सूर. हिची पाळी आली तेव्हा ही उभी राहिली आणि म्हणाली, "मी मढची. मला प्राणी आवडतात म्हणून आले." मागून कोणीतरी पुटपुटलं, "हिला कोणीतरी सांगा रे." पण सांगायला कोणी धजावलं नाही. हजेरीपटावर आमची नावं लागोपाठ होती, म्हणून प्रॅक्टिकलच्या टेबलावर ती माझ्या वाट्याला आली आणि बी.एस्सी.ची तीन आणि एम.एस्सी.ची दोन वर्षं माझ्याच वाट्याला राहिली. एवढ्या काळात लोकांची लग्नं होऊन मोडतात.

मी पार्ल्याची. आमच्या पार्ल्यात मुलीची मेडिकलची सीट हुकली की शेजारी भेटायला येतात आणि हळू आवाजात बोलतात. शिवाय आमच्या घरी अंड्याचा विषयसुद्धा गॅलरीत जाऊन बोलायचा असतो. अशा घरातली मुलगी आणि मढच्या कोळीवाड्यातली मुलगी एका टेबलावर. तिची आई अंधेरीच्या मासळीबाजारात बसायची. पोरीने पुस्तक उघडायच्या आधीच निम्मा अभ्यासक्रम जिवंत, वळवळता पाहिलेला होता, आणि त्यामुळे पुस्तकाशी तिचं पहिल्यापासून पटलं नाही. आता कॉलेजात प्राणी कापायचे नसतात, सगळं तक्त्यांवर नाहीतर कॉम्प्युटरवर. माझ्यासारखीला त्यात सुटल्यासारखं वाटायचं, हिला मात्र फसवणूक झाल्यासारखी वाटायची. पडद्यावरचा मासा बोटाने इकडून तिकडे फिरवत म्हणायची, "याला वास नाही गं. वास नसलेल्या माशावर मी कसा विश्वास ठेवू?"

तिचं घड्याळ वेगळं होतं. तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीतून, वर्सोव्याला उतरून ती कॉलेजला यायची आणि तिचे सगळे वायदे भरती-ओहोटीचे असायचे. "नऊला येतेस का?" असं विचारलं तर उत्तर यायचं, "आज अष्टमी ना, भांगाची भरती, पाणी जास्त हलणार नाही, येते." यातून ती येणार की नाही आणि आली तर किती वाजता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. ती मात्र म्हणायची, "तुम्हाला साधं पाणी कळत नाही आणि प्राणी शिकायला बसलात." आमच्या डिपार्टमेंटच्या म्युझियममध्ये बरणीत घातलेला एक पापलेट होता, कुठल्या काळातला देव जाणे, पिवळा पडलेला. येता-जाता ती त्या बरणीपाशी थांबायची आणि म्हणायची, "बिचारा. ना पाण्यात राहिला ना पोटात गेला." रोज. पाच वर्षं. मला तो पापलेट नंतर नंतर स्वप्नात यायला लागला.

परीक्षेत तर तिने माझं रक्त आटवलं. झूऑलॉजीत एक भयंकर प्रकार असतो, स्पॉटिंगचा. टेबलांवर नमुने मांडलेले असतात, घंटा वाजली की पुढच्या नमुन्यापाशी सरकायचं, ओळखायचं, दोन ओळी लिहायच्या, पुन्हा घंटा. सगळी माणसं ठोकून देतात. ही ठोकायची नाही. खात्री असेल तरच लिहायची आणि खात्री होईपर्यंत तिथून हलायची नाही. घंटा वाजून मी तिच्या मागे येऊन उभी, माझ्या मागे बाकीचे, पुढे परीक्षक डोळे वटारतायत, आणि ही बाई बरणीत नाक खुपसून. "सरक ना गं, वाट लावशील सगळ्यांची," मी मागून कुजबुजायची. ती म्हणायची, "थांब, याचा चेहरा नीट दिसत नाहीये." एकदा तर तिने उत्तरपत्रिकेत लिहिलं, 'नमुना फार म्हातारा आहे, रंग गेलेला आहे, यावरून ओळखणे त्याच्यावर अन्याय होईल.' त्याला शून्य मिळालं. तिने तक्रार केली नाही, फक्त म्हणाली, "शून्य बरोबर आहे. मला माहीत नव्हतंच." तिच्या जर्नलमधल्या आकृत्याही अशाच. पेन्सिलीची रेघ सुरेख, नावं बरोबर, पण प्रत्येक प्राण्याच्या चेहऱ्यावर काहीतरी भाव असायचा. तिचा बेडूक वैतागलेला, तिचं झुरळ अपमान झाल्यासारखं. मॅडम लाल पेनने लिहायच्या, 'भाव नकोत.' पुढच्या आकृतीतला प्राणी आणखी दुखावलेला दिसायचा.

या मॅडम म्हणजे आमच्या एम.एस्सी.च्या गाईड. शिस्तीच्या, हुशार, आणि हिच्यामुळे अकाली थकलेल्या. त्या तिला म्हणायच्या, "तुला डोकं आहे, पण तू ते परीक्षेला घेऊन येत नाहीस." हे सगळं ऐकून हसू येईल, मलाही आता येतं, पण एम.एस्सी.ला आल्यावर मला हसू येईनासं झालं. कारण घरी काय ठरलंय ते तिने मला सांगितलं.

बाजारातली बसायची जागा म्हणजे काही मोठं साम्राज्य नव्हे. ओट्यावरची हातभर जागा, वर पत्रा, पुढे गिऱ्हाईक. पण ती आजीकडून आईकडे आलेली, आणि नियम असा की घरातली बाई बसेल तोवर जागा त्या घराची. ती उठली आणि घरातलं दुसरं कोणी बसलं नाही की जागा दुसरीची. आईचे गुडघे पार गेले होते. डॉक्टरांनी सांगून झालं होतं, आता खाली बसणं बंद. घरात भाऊ नाही, भावजय नाही, एकुलती एक ही. तेव्हा आईने एक दिवस हिला समोर बसवून सांगितलं होतं, "तुजं एमएस्सी होईस्तोवर मी बसतंय. पास झालीस तं जागा सोरून देईन, मंग तू तुजं काय ते कर. नापास झालीस तं तू बस. पुन्यांदा परीक्षा-बिरीक्षा नाय, माजे पायांत आता तेवरं नाय." तिसरा रस्ता नव्हता. हे तिने मला कॅन्टीनमध्ये, वडापाव खाता खाता सांगितलं, जणू बसचा नंबर सांगतेय. मी म्हटलं, "मग बाई, निदान आता तरी स्पॉटिंगला ठोकून देत जा." तर म्हणे, "ठोकून पास व्हायचं तर बाजारात बसलेलं काय वाईट?" असल्या माणसाला काय बोलायचं, तुम्हीच सांगा.

शेवटच्या वर्षी प्रकल्प करायचा असतो आणि आम्हाला तो जोडीने मिळाला. विषय तिने निवडला, मी फक्त मान हलवली, आणि ती मान हलवल्याचा पश्चात्ताप मला पुढचे सहा महिने रोज होत होता. तिच्या गावाजवळच्या खाडीत चिंबोऱ्या किती आहेत ते काढायचं. चिंबोरी म्हणजे खाडीच्या चिखलातला मोठा, नांगीवाला खेकडा. सगळ्या तर मोजता येत नाहीत, म्हणून एक साधी रीत असते. थोड्या धरायच्या, पाठीवर खूण करायची, सोडून द्यायच्या. काही दिवसांनी त्याच जागी पुन्हा धरायच्या आणि त्यांत खुणेच्या किती ते पाहायचं. खुणेच्या कमी सापडल्या तर खाडीत चिंबोऱ्या भरपूर. खुणेच्याच जास्त सापडल्या तर खाडीत त्यांच्याशिवाय फारसं कोणी उरलेलं नाही.

खुणेसाठी नेलपॉलिश लागतं. पार्ल्याला स्टेशनजवळच्या दुकानात मी तिला घेऊन गेले, आणि त्या दुकानात मी आता जात नाही. दुकानदाराने कौतुकाने बाटल्या मांडल्या. हिने विचारलं, "खाऱ्या पाण्यात किती दिवस टिकतं?" तो म्हणाला, "गोव्याला चाललात का ताई?" ही म्हणाली, "नाही, चिखलात राहायचंय." त्याने लाल पुढे केलं. "लाल नको, शिजलेली दिसते." शेवटी एक भडक गुलाबी घेतलं. त्याने सवयीने विचारलं, "रिमूव्हर देऊ?" तर ही गंभीरपणे म्हणाली, "नको, ती कात टाकते तेव्हा आपोआप जातं." मी तोवर रस्त्यावर जाऊन उभी राहिले होते.

आणि मग सुरू झालं आमचं चिखलातलं ब्यूटी पार्लर. ती गोल जाळ्या टाकायची, फग म्हणतात त्यांना, आणि वर आलेली चिंबोरी मागून अशी पकडायची की नांग्या हवेत आणि चिंबोरी लाचार. मी पार्ल्याची शाकाहारी कन्या, हात लांब करून, मान फिरवून, तिच्या पाठीवर गुलाबी ठिपका द्यायची. मग पार्टनर त्यावर फुंकर घालायची आणि चिंबोरीला दटावायची, "हलू नकोस गं, पसरेल." ठिपका वाळेपर्यंत एकीला सोडायची नाही. इकडे ओहोटी संपून पाणी परत फिरायला लागलेलं, आणि हिची फुंकर चाललेली. एकदा याच नादात माझा गमबूट चिखलात रुतला. मी जितका ओढावा तितका तो खाली. पाणी आधी घोट्याशी, मग पोटरीशी आलं. मला पोहता येत नाही. मी रडायला लागले, खोटं कशाला सांगू. ती आली, मला काखेत धरलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बूट सोड. पाय तेवढा काढ. बुटात काय आहे?" मी म्हटलं, "आईचा आहे." ती म्हणाली, "आईला पाय पाहिजे असेल की बूट?" आणि एका झटक्यात मला उपटून काढलं. काठावर पोहोचल्यावर ही वळून पाण्याकडे बघत म्हणते, "शेवटचीचा रंग ओला राहिला."

खुणा करून झाल्या. ठरल्याप्रमाणे मध्ये दिवस जाऊ दिले आणि पुन्हा फग टाकले. पहिली वर आली, गुलाबी ठिपका. दुसरी, ठिपका. तिसरी, ठिपका. मी खूश. म्हटलं रंग झकास टिकलाय. पार्टनर मात्र प्रत्येक चिंबोरी उलटून-पालटून बघत होती. ठिपका नसलेली चिंबोरी शोधायची वेळ आली. सलग तीन दिवस टाकलं तरी तेच. हिशेब मांडला तर उत्तर असं आलं की मढच्या त्या अख्ख्या खाडीत जेवढ्या चिंबोऱ्यांना आम्ही नेलपॉलिश लावलं, जवळपास तेवढ्याच चिंबोऱ्या आहेत. आणि त्याच खाडीतून रोज टोपल्या भरून बाजारात जात होत्या.

मॅडमनी कागद पाहिले, चष्मा काढला, पुन्हा घातला. म्हणाल्या, "हे घरी बसून लिहिलंय." मी म्हटलं, "नाही मॅडम, माझा बूट अजून तिथेच आहे." त्या म्हणाल्या, "मग काहीतरी भयंकर चुकलंय, आणि काय चुकलंय ते सांगता आलं नाही तर मी यावर सही करणार नाही." सही नाही म्हणजे प्रकल्प जमा नाही, प्रकल्प जमा नाही म्हणजे नापास. पुन्हा सगळं करायला दिवस उरले नव्हते. बाहेर जिन्यात पार्टनर पायरीवर बसली. तिला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "आईला काय सांगू यार?"

काय चुकलं ते आम्हाला तिच्या घरीच कळलं, तेही जेवताना. आईने माझ्यापुढे तांदळाची भाकरी आणि बटाट्याची भाजी ठेवली होती, "तुजं वेगलं केलंय गो, भिऊ नको." आणि सहज, खुशीत विचारलं, "सापरतात ना गो बरोबर? तुमच्या रंगाच्या?" पार्टनरचा हात ताटातच थांबला. आई सांगत होती. पोरीची परीक्षा आहे म्हणून तिने घरोघर जाऊन निरोप दिला होता. दुखऱ्या गुडघ्यांनी. गावातल्या कोणाच्याही फगात गुलाबी ठिपक्याची चिंबोरी आली तर ती आपल्या पोरीची. "रंगाची कोनी इकायची नाय, खायाची नाय. पोरीचे जाग्यावर नेवून सोरायची." आणि गावाने ते इमानाने केलं होतं. खाडीच्या दुसऱ्या टोकाला सापडलेलीसुद्धा लोक पदर खोचून, चिखल तुडवत आमच्या जागेवर आणून सोडत होते. बिनठिपक्याच्या सगळ्या बाजारात गेल्या. आमच्यासाठी फक्त आमच्याच उरल्या. आई म्हणाली, "एक पन हरवली नसंल बग. सगल्यांनी जपल्यान."

मी तोंड उघडणार तेवढ्यात पार्टनरने टेबलाखालून मला असा पाय मारला की तो ठणका चार दिवस राहिला. आणि आईला म्हणाली, "नाय हरवली. सगल्या मिलाल्या." आई समाधानाने उठली, भिंत धरून, आणि भात आणायला गेली.

मला तरीपर्यंत सोडायला आली तेव्हा ती झपझप पुढे चालत होती. मी मागून बोलत होते, मला गप्प बसता येत नाही. बॅचमधल्या अनुभवी मंडळींनी दुसऱ्याच दिवशी सल्ला दिला, त्यात काय, खुणेच्या निम्म्या गाळा, आकडा कसा गोंडस दिसेल, कोण जाणार खाडीत बघायला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आकडा खोटा नाहीये रे. फक्त तो चिंबोऱ्यांचा नाहीये." मग तिने बसून सरळ लिहून काढलं की ही मोजणी ग्राह्य धरता येत नाही, कारण खुणेचे प्राणी गावकऱ्यांनी परत आणून सोडले. मॅडमनी ते वाचून कपाळाला हात लावला. "अगं, माणसं हा आपला विषय नाही." ही शांतपणे म्हणाली, "पण मॅडम, होमो सेपियन्स पहिल्या वर्षालाच होता ना." मॅडमनी पेन उघडलं. मग त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, "बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना हे पटेल असं मला वाटत नाही. तिथे मी काही बोलू शकणार नाही."

तोंडी परीक्षेच्या दिवशी आई आली होती. कोणी बोलावलं नव्हतं. बाजार टाकून, ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात डबा घेऊन गेटजवळच्या बाकावर बसली. जिने चढवत नव्हते म्हणून खालीच. जोडीचा प्रकल्प, म्हणून आम्ही दोघी एकदमच आत गेलो. परीक्षक बारीक चणीचे, नाशिककडचे, आवाज अगदी मऊ. ओरडणारे परवडले, मऊ आवाजवाल्यांचा भरवसा नसतो. त्यांनी आमची शेवटची पानं पुन्हा पुन्हा उलटली आणि विचारलं, "म्हणजे तुमच्या कामातून काही निष्पन्न झालं नाही?"

"मोजणी नाही झाली, सर," ती म्हणाली.

"आणि कारण म्हणून तुम्ही ही गोष्ट लिहिली आहे. गावाने चिंबोऱ्या परत आणून दिल्या. चांगली आहे गोष्ट. पण कच्चं काम झाकायला कोणीही अशी गोष्ट लिहू शकतं. पुरावा काय?"

"आहे, सर. खाली गेटजवळ बसलीये. माझी आई. तिनेच सगळ्यांना सांगितलं होतं."

"मग बोलवा त्यांना. दोन प्रश्न विचारतो, विषय संपला." मला हायसं वाटलं. मी दाराकडे निघालेसुद्धा. पार्टनर जागची हलली नाही.

"नको, सर."

मॅडमनी मान वर केली. परीक्षक म्हणाले, "का?"

"तिला वाटतंय तिने मला मदत केली. तुम्ही विचारलंत की तिला कळेल की काम तिच्यामुळे बिघडलं. गुडघे गेलेत तिचे, सर. तरी दोन वर्षं बाजारात बसली माझ्यासाठी. तिला हे कळायला नको."

"आणि पुराव्याशिवाय मी तुम्हाला नापास केलं तर?"

मला आतून ओरडावंसं वाटत होतं, अगं नापास झालीस तर तीच उठून तुला त्या ओट्यावर बसवणार आहे, बोलाव तिला. पार्टनरचे कान लाल झाले होते. ती म्हणाली, "तर मी तिला दुसरं काहीतरी कारण सांगेन."

परीक्षकांनी वही मिटली. खिडकीशी गेले, खाली पाहिलं. बाक तिथून दिसत होता. परत येऊन बसले आणि विचारलं, "खाडीत चिंबोऱ्या किती असाव्यात असं वाटतं?" "माहीत नाही, सर." "अंदाजे?" "अंदाजेसुद्धा माहीत नाही." मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला?" मी म्हटलं, "सर, हिला माहीत नाही तर मला कुठून असणार?" मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग परीक्षकांनी शेवटचं विचारलं, हेच काम पुन्हा करायचं झालं तर कसं कराल? आणि ही सुटली. आधी घरोघर जाईन, म्हणाली. सांगेन की रंगाची मिळाली तर बाकीच्यांसारखीच विका, खा, काहीही करा, फक्त कुठे मिळाली तेवढं कळवा. गावातल्या बायका खाडीच्या कानाकोपऱ्यात असतात, सर, त्यांनी कळवलं तर अख्खी खाडी मोजता येईल. ती बोलत होती आणि ते लिहून घेत होते. शेवटी म्हणाले, "या तुम्ही." चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळलं नाही.

खाली आई बाकावरून उठायची धडपड करत होती. "काय इचारलं गो?"

"चिंबोऱ्यांचंच."

"मंग? आमच्या चिंबोऱ्या कामाला आल्या?"

पाच वर्षांत खात्री असल्याशिवाय एक अक्षर न लिहिलेली माझी पार्टनर. तिने आईच्या हातातला डबा घेतला आणि म्हणाली, "आल्या ना. त्यांचंच विचारत होते सारखं."

निकाल लागेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझ्या आईला विचारा. निकालाच्या दिवशी तिच्या फोनवर साइट उघडत नव्हती म्हणून मी माझ्याच फोनवर आधी तिचा नंबर टाकला. प्रकल्पात जेमतेम, पण पास. मी बाजारातच फोन लावला, आईनेच उचलला, आणि मग पलीकडून जो गलका ऐकू आला त्यात माझं बोलणं बुडून गेलं. आई गिऱ्हाइकांना धरून धरून सांगत होती, "आख्ख्या गावानी मिलून पास केली तिला." नंतर पार्टनरने फोन घेतला तेव्हा ती हसत होती की काय, ते कळेना. महिनाअखेरीस आई जागेवरून उठली ती उठलीच. जागा गोराईकडच्या एका तरुण बाईला गेली.

आता मी घाटकोपरला मेडिकल प्रवेशाच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते, म्हणजे प्राणिशास्त्राला पुढच्या बॅचेस पुरवते. पार्टनर एका संशोधन प्रकल्पावर कंत्राटी नोकरीत आहे. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली कोळंबीची पिल्लं मोजते आणि खात्री होईपर्यंत आकडा देत नाही, त्यामुळे तिथलेही लोक अकाली थकायला लागलेत. गेल्या रविवारी तिचा फोन आला, बाजारात चल माझ्याबरोबर. मला कळेना मासळीबाजारात माझं काय काम. गेल्यावर कळलं. त्यांच्या घरी बोट कधीच नव्हती, मासळी यायची ती आईच्या टोपलीतून यायची. आईला बांगडे खावेसे वाटत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा हिच्यावर मासे विकत घ्यायची वेळ आली होती.

त्याच ओट्यापुढे आम्ही उभ्या राहिलो. ती बाई हिला ओळखत नव्हती. "काय देऊ ताई?" म्हणाली. हिने बांगड्यांकडे बोट केलं. भाव ऐकला, मान हलवली, घासाघीस केली नाही. त्या बाजूने बसून कशी करतात ते तिला ठाऊक होतं, या बाजूने कशी करायची ते नव्हतं. बाईने विळी पुढे ओढत विचारलं, "साफ करून देऊ?" मी पार्टनरकडे बघायचं टाळलं. "द्या," ती म्हणाली. आणि बाईचे हात चालत होते तोवर ती खाली वाकून बघत राहिली, बरण्यांकडे बघायची तशी, मागची गिऱ्हाइकं खोळंबली तरी. पिशवी हातात आल्यावर आम्ही निघालो. रिक्षा थांबवताना ती म्हणाली, "हात चांगला आहे गं तिचा. आईला सांगायला पाहिजे."